तांबड्या समुद्रात पायलट माशांमागे

शनिवार, पोर्ट गालिब

नोव्हेंबरात इजिप्तच्या या किनाऱ्यावर जे डायव्हर जमतात, त्यातले बहुतेक एकाच जनावरासाठी येतात. ओशॅनिक व्हाइटटिप शार्क. भर समुद्रात राहणारा, लांबरुंद गोलसर परांचा, परांच्या टोकांना पांढऱ्या रंगात बुडवून काढल्यासारखा दिसणारा हा शार्क ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत इथल्या दूरच्या खडकांपाशी फिरकतो. मलाही तो बघायचा होता. पण त्याहून जास्त ओढ होती ती त्याच्या नाकापुढे पोहणाऱ्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या छोट्या माशांची. पायलट फिश. शार्कच्या बहुतेक फोटोंत ते कुठेतरी असतातच, आणि फोटो बघणारा शार्ककडे बघून पुढे जातो. मला कितीतरी दिवसांपासून त्यांचंच नवल वाटत आलंय. ज्याच्या जबड्यापासून सगळा समुद्र लांब राहतो, त्याच्या जबड्यापुढे वीतभर अंतरावर आयुष्य काढायचं, हे कसं जमत असेल?

मुंबईहून कैरो, कैरोहून मार्सा आलम. विमानतळापासून धक्का जवळच आहे. सोबत धाकटा भाऊ. तारकर्लीला डायव्हिंग शिकल्यापासून त्याला हॅमरहेड शार्कचं वेड आहे, त्यामुळे आमच्यात वाटणी आधीच झालेली. ब्रदर्स आणि डेडालस या दूरच्या खडकांच्या संरक्षित क्षेत्रात उतरायला किमान ५० डाइव्हची नोंद लागते. बोटीवर पाऊल ठेवताच सगळ्यांच्या लॉगबुक तपासल्या गेल्या. मग बूट एका टोपलीत गेले आणि आठवडाभरासाठी सगळे अनवाणी झाले.

रात्रीच्या जेवणाला मी भावाला सांगत होते की पायलट मासा कॅरँजिडी कुळातला. म्हणजे आपल्याकडच्या हलव्याच्या कुळातला.

"म्हणजे ताई, हलव्याचा चुलतभाऊ शार्कच्या पुढे चालतो?"

"चुलत-चुलत म्हण."

रविवार, अबू दब्बाब

पहिला डाइव्ह नेहमी उथळ आणि निवांत असतो. कमरेचं वजन बरोबर आहे का, मास्कमध्ये पाणी शिरत नाही ना, हे बघायला. अबू दब्बाबच्या खाडीत तळाला समुद्री गवताची कुरणं आहेत आणि त्यावर हिरवी कासवं चरत असतात. एका मोठ्या कासवाच्या पाठीवर दोन रेमोरा चिकटलेले. या माशाच्या डोक्यावर, पाठीचा पहिला पर असायला हवा तिथे, आडव्या पट्ट्यांची एक चकती असते. ती दाबून धरली की मासा चिकटला. मग यजमान कुठेही जावो, याला पोहायची फारशी गरज नाही.

पायलट माशाकडे असलं काहीच नाही. ना चकती, ना आकडा. तो यजमानाला एका ठिकाणीही धरून नसतो. तरी तास न् तास त्याच्या अंगालगत असतो, तो केवळ पोहण्याच्या कौशल्यावर. हा फरक डोळ्यांनी बघून घ्यायला आजचा डाइव्ह फार उपयोगी पडला.

आणखी एक गोष्ट इथेच दिसली. दुसऱ्या एका कासवाच्या तोंडापुढे पिवळेजर्द, काळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे घुटमळत होते. गोल्डन ट्रेव्हलीची पिल्लं. या खाडीत कधीमधी डुगाँग येतो, म्हणजे समुद्रगाय, आणि तो गवत उपटत चालला की उडणाऱ्या गाळातलं खाणं टिपायला हीच पिल्लं त्याच्या थुंतरीपुढे पोहतात. बरेच जण यांनाच पायलट फिश समजतात. कूळ एकच, पण ट्रेव्हली मोठी झाली की पट्टे फिके पडतात आणि ती यजमानाला सोडून आपल्या वाटेने जाते. पायलट मासा मोठेपणीही सोबतीनेच राहतो.

संध्याकाळी नांगर उचलला. रात्रभर उत्तरेचा वारा नाकावर घेत बोट ब्रदर्सकडे चालली. झोप तुकड्यातुकड्यांत लागली.

सोमवार, बिग ब्रदर

किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटरवर समुद्राच्या पोटातून उभे वर आलेले दोन खडक, एकमेकांपासून जेमतेम किलोमीटरभर. अरबीत अल-अखवैन. मोठ्यावर ब्रिटिशांनी १८८३ मध्ये बांधलेला दीपस्तंभ आहे, आणि तो असूनही १९०१ साली ‘न्यूमिडिया’ नावाची आगबोट उत्तरेच्या टोकावर चढलीच. लिव्हरपूलहून कलकत्त्याला निघालेली, पोटात रेल्वेचं सामान. आज तिचा सांगाडा भिंतीला टेकून खोल उतरलेला आहे आणि वरच्या बाजूला, जेमतेम दहा मीटरवर, आगगाडीची चाकं पडली आहेत. जी चाकं हिंदुस्थानच्या रुळांवर फिरायची होती त्यांच्यावर नाजूक जांभळी मऊ प्रवाळं फुलली आहेत. मी चाकाला हात न लावता बराच वेळ त्यापुढे तरंगत राहिले.

डाइव्हआधीचं ब्रीफिंग मात्र शार्कबद्दल होतं आणि आमचा गाईड ते फार गंभीरपणे देत होता. व्हाइटटिप बुजरा नाही. खुल्या समुद्रात खाणं क्वचित मिळतं, म्हणून भेटलेली प्रत्येक वस्तू तो तपासून बघतो, आणि तपासायला जवळ येतो. अशा वेळी पाण्यात उभं राहायचं, सगळ्यांनी एकत्र राहायचं, नजर त्याच्यावरून काढायची नाही, पृष्ठभागावर हातपाय हलवत लोंबकळत बसायचं नाही. २०१० च्या डिसेंबरात शर्म अल-शेखला झालेल्या हल्ल्यांत या जातीचं नाव आलं होतं आणि एका जर्मन बाईंचा जीव गेला होता. गाईडने तेही लपवलं नाही. पाण्यात खाणं टाकून शार्कला बोलावणं इथे मना आहे, आणि स्वयंपाकघरातलं उष्टंखरकटं समुद्रात टाकायचं नाही हा नियम त्याने खानसाम्याला आमच्यासमोर पुन्हा ऐकवला.

मग त्याने एक वाक्य सांगितलं, ते मी वहीत लिहून घेतलं: "शार्क शोधू नका. आधी पट्टे शोधा."

दुपारच्या डाइव्हच्या शेवटी, बोटीखाली पाच मीटरवर सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, घेताना, ते अगदी तसंच घडलं. निळ्या पाण्यात शार्कची पाठ करडी-तपकिरी असल्याने दुरून तो पाण्यातच मिसळलेला असतो. मला आधी दिसले ते हवेत टांगल्यासारखे पाच-सहा छोटे काळे-पांढरे ठिपके, एका ओळीत, सगळे एकाच चालीने माझ्याकडे येणारे. त्यांच्यामागे पाणी गडद होत गेलं आणि त्याला तोंड फुटलं. दोन-सव्वादोन मीटरची मादी होती. पोटाखाली नराचे अवयव नव्हते, म्हणून मादी. ती आमच्याखालून गेली, वळली, बोटीच्या सावलीत विरली. शेवटपर्यंत दिसत राहिले ते पट्टेच.

मंगळवार, लिटल ब्रदर

पहाटेचा डाइव्ह थ्रेशर शार्कसाठी. मोठाल्या काळ्या डोळ्यांचा, शरीराइतकीच लांब शेपटी असलेला लाजाळू प्राणी. एक आला. खडकाच्या सज्ज्याजवळ त्याने वेग अगदी कमी केला आणि क्लीनर रासच्या निळ्या बारक्या माशांनी त्याच्या कल्ल्यांपाशी काम सुरू केलं. या माशांचा ठिय्या खडकावरच असतो. शार्क येतो, स्वच्छ होतो, जातो, आणि ते तिथेच राहतात.

पायलट माशांबद्दलही पुस्तकांत लिहिलेलं असतं की ते शार्कच्या कातडीवरचे परजीवी टिपतात, उष्टं खातात, त्याची विष्ठाही खातात, शिवाय स्वतः लहानसहान शिकारही करतात. पण त्यांना ठिय्या नाही. त्यांचा मुक्काम शार्कबरोबर चालतो. किनारा, खडक, तळ यांतलं काहीही जवळ नसलेल्या पाण्यात शार्कचं अंग हाच त्यांचा आडोसा. त्या अंगालगत असेपर्यंत ट्यूना किंवा बराकुडा त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत.

दुपारी करंट वाढला आणि तिसरा डाइव्ह रद्द झाला. रात्री दक्षिणेकडे लांबचा पल्ला होता.

बुधवार, डेडालस

जाग आली तेव्हा चहूकडे फक्त पाणी, आणि पाण्यातून उगवल्यासारखा एक दीपस्तंभ. डेडालस, स्थानिक नाव अबू अल-किझान. किनारा ८०-९० किलोमीटर दूर. प्रवाळाची बशी भरतीला जेमतेम झाकते एवढीच, तिच्यातून एक लांबलचक लाकडी धक्का निघालेला, आणि आताचा स्तंभ १९३१ चा.

या समुद्राचे पहिले नीट नकाशे १८२९ ते १८३३ मध्ये झाले, ते मुंबईच्या आरमाराच्या ‘पॅलिन्युरस’ आणि ‘बनारस’ या जहाजांनी केलेल्या मोजणीतून. त्याआधी कितीतरी शतकं दाभोळहून आणि सुरतेहून हज यात्रेकरूंना घेऊन शिडाची जहाजं याच पाण्यातून जेद्दाला जात होती. पायलट मासे शार्कसारखेच संथ चालणाऱ्या जहाजांच्याही पुढे-मागे पोहतात. त्यावरूनच खलाशांचा समज झाला की हे वाट दाखवतात, आणि शार्ककडे बघून वाटलं की हे त्याला शिकारीपर्यंत नेतात. दाभोळच्या कुणा तांडेलाने नाळेवरून वाकून हेच पट्टे बघितले असतील असं मला फार वाटतं.

पण वाट दाखवायची गोष्ट खरी नाही, हे आज मी चांगला तासभर बघितलं.

सकाळी बोटीखाली एक मोठी मादी फिरत होती. पाण्याला करंट नव्हता, दृश्यता पन्नासेक पावलांची, आणि गाईडने आम्हाला बोटीच्या नांगरदोराजवळ, सात-आठ मीटरवर, एका घोळक्यात थांबवलं. भाऊ माझ्या पाठीशी पाठ लावून मागचं पाणी राखत होता. त्यामुळे मला नजर शार्कवर ठेवूनच पायलट बघता आले, आणि त्यासाठी मी त्याची मनापासून ऋणी आहे.

सगळ्यात छोटे, बोटाएवढे, थेट नाकापुढे. त्यांच्याहून मोठे पाठीच्या परापाशी आणि छातीच्या परांखाली. सगळ्यात मोठे, हातभर लांबीचे दोन, पोटाखाली मागच्या अंगाला. रेमोरा एकच, पोटाला चिकटलेला. मादी सरळ जात असताना नाकापुढचे मासे शेपूट जवळजवळ हलवतच नव्हते. मोठं अंग पाणी सारत पुढे येतं तेव्हा नाकासमोरचं पाणी पुढे ढकललं जातं आणि कातडीलगतचा पातळ थर अंगाबरोबर ओढला जातो. पायलट नेमके या दोन जागांवर असतात. डॉल्फिन बोटीच्या नाळेपुढे फुकट स्वार होतात ते याच जोरावर. घाटात एसटीच्या मागे सायकल लावली की वारा लागत नाही, तसा हा हिशोब आहे, फक्त इथे गाडीच्या पुढेही जागा मिळते.

आणि वळण कोण घेतं? मी मुद्दाम तेवढंच बघत राहिले. प्रत्येक वेळी आधी शार्कचं डोकं एका बाजूला झुकायचं, मग नाकापुढचे मासे हलायचे. मध्ये जो अवधी होता तो डोळ्याचं पातं लवण्याएवढाही नसेल, पण क्रम एकदाही उलटला नाही. एकदा ती अचानक खाली सुटली तेव्हा पुढचे चिमुकले मागे पडले, पाण्यात उघडे झाले, आणि जिवाच्या आकांताने पोहत परत तिच्या पोटाखाली शिरले. पुन्हा नाकापुढे यायला त्यांना वेळ लागला. वाटाड्या असा मागे राहत नाही. शार्कला वाटाड्या लागतही नाही. वास, अंगावरच्या रेषेतून कळणारी पाण्याची थरथर आणि नाकाभोवतीच्या छिद्रांतून जाणवणारी सूक्ष्म वीज, एवढं त्याच्याकडे असताना वीतभर माशाने त्याला काय दाखवायचं?

मग शार्क त्यांना खात का नाही? बोटीवर परतल्यावर भावाने हाच प्रश्न विचारला. माझं उत्तर असं की हे दोघांच्याही मर्जीवर चाललेलं नाही, ते अंतरावर चाललेलं आहे. पायलट इतके चपळ आणि इतके छोटे आहेत की त्यांच्यामागे लागण्यात शार्कच्या हाती दमणूकच येईल. खुल्या समुद्रात ताकद जपून वापरावी लागते. वर परजीवी कमी होत असतील तर तो त्याचा फायदा. बाकी, निष्ठा, मैत्री, सेवा हे शब्द आपण लावतो. मला ते लावावेसे वाटत नाहीत, कारण त्याने त्या छोट्या माशाची खरी कमाल झाकली जाते. तो क्षणाक्षणाला त्या जनावराची चाल वाचतोय. एक क्षण लक्ष ढळलं तर तो उघड्या निळाईत एकटा पडतो.

गुरुवार, डेडालस

सकाळी उत्तरेच्या कोपऱ्यावर, तीस मीटर खोलीवर, भावाचे हॅमरहेड आले. चाळीसेक असतील. त्याच्या रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडातल्या श्वासनळीतून, ओरडण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी मात्र सवयीने प्रत्येकाच्या नाकापुढे बघत होते, आणि एकाही हॅमरहेडजवळ पायलट नव्हते. थंड, खोल पाण्यात खाली-वर करणारा, कळपाने राहणारा हा शार्क त्यांना सोयीचा नसावा. व्हाइटटिप वरच्या थरात रेंगाळतो, संथ चालतो, एकटा असतो. व्हेल शार्क आणि मांटा रे यांच्याही पुढे पायलट दिसतात, तेही असेच संथ आणि पृष्ठभागाजवळचे.

दुपारी झोडियाकमधून, म्हणजे रबरी होडीतून, परतताना नावाड्याने इंजिन बंद केलं आणि पाण्याकडे खूण केली. निळा प्लास्टिकचा पिंप आणि त्याला गुंतलेला दोर वाहत चालला होता. मास्क लावून नुसतं डोकं पाण्यात घातलं. पिंपाखाली दोरालगत अंगठ्याएवढे पट्टेरी मासे! पायलटांची पिल्लं अशीच सुरुवात करतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर जेलीफिशच्या शेपट्यांत किंवा वाहत्या शेवाळाखाली, आणि हल्ली आपण टाकलेल्या कचऱ्याखालीही, आसरा घ्यायचा. मोठं व्हायचं. पुढे एखादं मोठं जनावर भेटलं की त्याच्याबरोबर लागायचं. माल्टाचे कोळी शरद ऋतूत ताडाच्या झावळ्या बांधलेले तराफे समुद्रात सोडतात. सावलीला लांपुकी मासे जमतात, आणि त्यांच्याबरोबर पायलटही. तिथे त्यांना ‘फनफ्रू’ म्हणतात आणि आवडीने खातात. हलव्याच्या कुळातला मासा चवीला चांगलाच असणार.

पिंप आम्ही उचलला नाही. नावाडी म्हणाला, उचलू का? पिल्लं उघड्यावर पडली असती. आणि प्लास्टिक तसंच सोडून येणंही मनाला लागलं. आम्ही दोर तेवढा कापून घेतला, कारण त्यात कासवं अडकतात, आणि पिंप जाऊ दिला. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

शुक्रवार, एल्फिन्स्टन

किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवरचा लांबट खडक. मार्सा आलमहून दिवसाच्या बोटीही इथे येतात, त्यामुळे गर्दी. शेवटचा दिवस म्हणून सकाळीच दोन डाइव्ह उरकायचे होते. उड्डाणाआधी शरीरातला नायट्रोजन उतरायला वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्या डाइव्हला जी मादी आली तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात गंजलेला गळ होता. त्यातून हातभर लांबीचा जाड दोरा मागे ओढला जात होता. ट्यूनासाठी मैलोगणती लांब दोर टाकतात, त्यावर हजारो गळ असतात, आणि कुठलीही वस्तू जवळ जाऊन तपासायची व्हाइटटिपची सवय तिथेच त्याच्या जिवावर उठते. परही मोठे, म्हणून बाजारात भावही मोठा. एके काळी उष्ण समुद्रांतला सगळ्यात विपुल मोठा शार्क म्हणून याची गणना व्हायची. २०१९ पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो जगभरासाठी अतिसंकटग्रस्त आहे. हिंदी महासागराच्या ट्यूना आयोगाने २०१३ मध्ये ठरवलं की हा शार्क गळाला लागला तरी बोटीवर ठेवायचा नाही, सोडून द्यायचा. भारताने मात्र त्या ठरावावर हरकत घेतली, त्यामुळे आपल्या बोटींना तो बंधनकारक झाला नाही. मालवणात मोरीचं मटण मीही आवडीने खाल्लेलं आहे, पण या जातीचा शार्क कुणाच्या ताटात येऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

त्या मादीबरोबर पायलट बरेच होते, मी मोजायचा प्रयत्न सोडून दिला. एक छोटा मासा लोंबणाऱ्या दोऱ्यालगत पोहत होता, जणू तोही तिच्या अंगाचाच भाग. खलाशांच्या जुन्या हकिगतींत येतं की शार्क गळाला लावून वर ओढला की त्याचे पायलट जहाजाभोवती सैरभैर फिरत राहतात. शार्क कमी झाले की नुकसान फक्त शार्कचं होत नाही. त्याच्याभोवती हलतं-फिरतं एक गाव असतं, आणि ते गाव पिंपाखाली बसवता येत नाही.

दुपारी बोट पोर्ट गालिबला लागली. गाईडने सगळ्यांचे फोटो मागून घेतले. व्हाइटटिपच्या पाठीवरच्या परावरचे पांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून एकेक शार्क ओळखून त्याची नोंद ठेवता येते. पराच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजू लागतात. माझ्या बहुतेक फोटोंत नाक आणि पट्टे होते, पर अर्धाच. भावाकडे मात्र बुधवारच्या मादीच्या दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या, आणि गळ लागलेल्या मादीची डावी बाजू. गाईडने लॅपटॉपवर जुने फोटो शेजारी लावले. बुधवारची ओळखीची निघाली. गळवाली नवीन होती. तिच्या नोंदीत त्याने तारीख, जागा, गळ कुठल्या बाजूला आहे ते भरलं, आणि मला विचारलं, "सोबत पायलट किती होते?"

मी माझे फोटो उघडले, आणि आम्ही दोघं एकेक फोटो मोठा करून मोजायला बसलो.